पाहुण्या शब्दांचें अनेकवचन

बारामतीस शिक्षक असतांना माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासून आजच्या विषयास आरंभ करतों. एका विद्यार्थ्यानें इंग्रजी निबंधांत ‘फॉर्म्युला’चें अनेकवचन ‘फॉर्म्युलाज’ असें लिहिलें. लॅटिनप्रमाणें ‘फॉर्म्युली’ पाहिजे, म्हणून मीं तें तांबड्या शाईनें खोडलें व मार्क कापला. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. माझें लॅटिन ऐकीव. पुढें मोठा शब्दकोश उघडला, तों दोन्ही रूपें शुद्ध! तोंवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. तो एक मार्क अद्याप मी त्याचें देणें लागतों.

लॅटिनमधून इंग्रजींत आलेलीं नामें तीन प्रकारें वागतात. कांहीं आपलें मूळचें अनेकवचन राखतात. जसें ‘बॅक्टेरियम’, ‘बॅक्टेरिया’. कांहीं पूर्णपणें इंग्रज होतात. ‘आल्बम’चें ‘आल्बम्स’च होतें, ‘आल्बा’ कोणी म्हणत नाहीं. कांहींचीं दोन रूपें नांदतात व अर्थ वांटून घेतात. गणितांतील घातांक ते ‘इंडायसीस’, आणि पुस्तकांमागील सूची त्या बहुधा ‘इंडेक्सेस’. ‘अजेंडा’ची गोष्ट तर निराळीच. तो मुळांत अनेकवचनी. आज इंग्रजींत एकवचनी झाला आहे.

अर्धवट नियम मात्र फसवितो. ‘ऑक्टोपस’ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचें ‘ऑक्टोपाय’ करणें म्हणजे त्याला भलत्याच कुळांत दत्तक देणें होय. बारामतीहून इंदापुरास आपण ज्या बसनें जातों, तिचें मूळ नांव ‘ऑम्निबस’. १८२९ सालीं लंडनांत या नांवाच्या घोडागाड्या धावूं लागल्या. हें लॅटिनमधील चतुर्थीचें अनेकवचन असून त्याचा अर्थ ‘सर्वांसाठीं’ असा आहे. मग त्याचें आणखी ‘ऑम्निबाय’ कसें होणार?

आपल्या मराठीनेंही हेंच केलें आहे. अरबींत ‘हाल’चें अनेकवचन ‘अहवाल’. मराठींत पहा: ‘अहवाल आला’, पण ‘हाल झाले’! अनेकवचन एकवचनी झालें आणि एकवचन अनेकवचनी. ‘उमराव’ हेंही ‘अमीर’चें अनेकवचन, आपण मात्र ‘एक उमराव’ म्हणतों. बँकेच्या बँका, स्टेशनचीं स्टेशनें, फॅक्टरीच्या फॅक्टऱ्या झाल्या. नीरेच्या डाव्या कालव्यास आमचा शेतकरी ‘कॅनॉल’ म्हणतो. तो शब्दही लॅटिन वंशाचा. परंतु ‘कॅनॉलाच्या कडेनें’ जातांना कोणी लॅटिन विभक्तींची चौकशी करीत नाहीं.

तात्पर्य, शब्द कोणत्या घरीं जन्मला यापेक्षां कोणत्या घरीं नांदतो यावर त्याचें रूप ठरतें. विद्यार्थ्यांनीं दोन शुद्ध रूपांपैकीं एक निवडावें व लेखभर तेंच ठेवावें. आणि शिक्षकबंधूंस एवढीच विनंती कीं, तांबडी शाई उचलण्यापूर्वीं शब्दकोश उघडावा. आपल्याला तो एक मार्क असतो. शब्द स्वतः घडवूं पाहणाऱ्या मुलाला तो पुढें धीर करावा कीं करूं नये, याचा निकाल असतो.