गटाच्या वहीत एक पान आमदार-खासदारांचं



गटात एखादीचा हप्ता चुकला, तर पुढच्या बैठकीत आपण विचारतोच, “ताई, या महिन्याचं काय झालं?” रोखवही आणि पासबुक जुळलं नाही, तर जुळेपर्यंत सचिव ताईला उठू देत नाही. त्याचा कुणाला राग येत नाही, कारण पैसा सगळ्यांचा असतो. मग सांगा, ज्यांना मत देऊन आपण मुंबईला आणि दिल्लीला पाठवलं, त्यांचा हिशेब आपण शेवटचा कधी पाहिला?

त्यांच्या कामाच्या नोंदी सरकारदरबारी असतात आणि त्या पाहायचा आपल्याला हक्क आहे. गटाची जशी पंचसूत्री, तशी या नोंदींचीही पंचसूत्री समजा: मत, प्रश्न, हजेरी, निधी आणि निवडणुकीचा खर्च.

आधी आपले कोण, ते लिहा

गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, चिमूर आणि वरोरा असे सहा. खासदारांच्या बाबतीत मात्र गडबड होते. ब्रह्मपुरी आणि चिमूरच्या बाया राहतात चंद्रपूर जिल्ह्यात, पण लोकसभेसाठी त्यांचा मतदारसंघ आहे गडचिरोली-चिमूर. २०२४ च्या निवडणुकीत चंद्रपूरमधून प्रतिभा धानोरकर आणि गडचिरोली-चिमूरमधून डॉ. नामदेव किरसान निवडून आले. पानाच्या वर आपल्या आमदाराचं आणि खासदाराचं नाव लिहा.

१. मत

२० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकावर मतदान झालं. बाजूने ४५४, विरोधात २. अशी मोजून मतं घेतली की कोण कोणत्या बाजूला होतं, ते कामकाजाच्या वृत्तांतात नावानिशी छापतात. पण त्या दिवशी चंद्रपूरचं मतच नव्हतं. खासदार बाळू धानोरकर यांचं ३० मे २०२३ ला निधन झालं होतं. पोटनिवडणूक झाली नाही आणि २०२४ च्या निवडणुकीपर्यंत जागा रिकामीच राहिली. बायांच्या हक्काच्या एवढ्या मोठ्या कायद्यावर चंद्रपूरच्या बायांच्या वतीने हात वर करायला कुणी नव्हतं.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवा. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. “हो”वाल्यांचा आवाज मोठा की “नाही”वाल्यांचा, एवढंच पाहतात. नावाची नोंद राहत नाही. आणि पक्षाने व्हिप म्हणजे आदेश काढला असेल, तर त्याविरुद्ध मत देणाऱ्याचं पदच जाऊ शकतं. हा पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. म्हणून नुसत्या मतावरून माणसाचं मन कळत नाही.

२. प्रश्न आणि भाषण

दारूबंदीचंच घ्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बायांनीही ती मागितली. डिसेंबर २०१० मध्ये त्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. २७ मे २०२१ ला राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी आणली तीही मंत्रिमंडळाने आणि उठवली तीही मंत्रिमंडळाने. हा निर्णय घ्यायला विधानसभेत मतदान झालं नाही. त्यामुळे या विषयावर “आमच्या आमदाराने मत कुणाला दिलं?” असं शोधलं, तर हाती काही लागत नाही. तेव्हा शोधायचं हे, की आमदार सभागृहात त्यावर बोलले का? प्रश्न विचारला का? लक्षवेधी मांडली का?

तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं. हे सगळं विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळावर असतं. गटातल्या एखादीच्या शिकलेल्या मुलीला मोबाईलवर आमदार-खासदारांचं नाव आणि आपला विषय टाकून शोधायला सांगा: वनहक्क दावे, तेंदूपत्ता, मोहफूल, वाघाचे हल्ले, आरोग्य केंद्रातली रिकामी पदं. किती प्रश्न विचारले, त्यापेक्षा आपल्या विषयावर किती, हे जास्त महत्त्वाचं.

३. हजेरी

खासदारांची हजेरी लोकसभेत रोज नोंदवली जाते. पण मंत्र्यांना हजेरीपटावर सही करावी लागत नाही आणि मंत्री प्रश्नही विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. आपल्याकडचंच उदाहरण आहे. चंद्रपूरचे खासदार असताना हंसराज अहीर यांनी कोळसा खाणवाटपाचा विषय लावून धरला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते केंद्रात राज्यमंत्री झाले. मंत्रिपदाच्या काळात त्यांच्या नावापुढे प्रश्न दिसले नाहीत, म्हणून “काहीच केलं नाही” असं कुणी म्हटलं, तर तो हिशेब चुकला. मंत्र्यांना विचारायचं ते त्यांच्या खात्याने काय केलं ते.

४. निधी

खासदारांना वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. आपल्या राज्यात आमदारांनाही आता वर्षाला ५ कोटींपर्यंतची कामं सुचवता येतात. हा पैसा त्यांच्या खिशात जात नाही. ते काम सुचवतात, मंजुरी आणि पैसा जिल्हा प्रशासनाकडून मिळतो. खासदार निधीतला किमान १५ टक्के भाग अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो. मग तुमच्या टोल्यावर काय आलं?

हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज करा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे तो द्यायचा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल, तर त्याची प्रत जोडा, फी लागत नाही. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. मजकूर असा लिहा:

“मौजा ______ या गावात १ एप्रिल २०२३ पासून आजपर्यंत आमदार स्थानिक विकास निधीतून मंजूर झालेली कामे, प्रत्येक कामाची मंजूर रक्कम, झालेला खर्च व कामाची सद्यस्थिती, ही माहिती मिळावी.”

खासदार निधीसाठी वेगळा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. यादी आली की दोघी-तिघींनी मिळून गावात फिरा. कागदावर सभामंडप असेल, तर जागेवर सभामंडप दिसला पाहिजे. दिसला नाही, तर ती यादी ग्रामसभेत वाचा.

५. निवडणुकीचा खर्च

लोकसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. निकालानंतर ३० दिवसांत सगळा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. कारण नसताना दिला नाही, तर निवडणूक आयोग तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी घालू शकतो. हारलेल्या उमेदवारालाही हे लागू आहे. हा हिशेब कुणालाही पाहता येतो. गावात किती गाड्या आल्या, मांडव केवढा होता, जेवणावळ कुणाची होती, हे आपल्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत? ते तेव्हाच तारखेसह लिहून ठेवा आणि नंतर हिशेबाशी जुळवून बघा.

एक पथ्य पाळा

गटात सगळ्या पक्षांच्या बाया असतात. म्हणून पानावर फक्त नोंद लिहा: तारीख, काय झालं, कुठून कळलं. “चांगला”, “वाईट” असं लिहू नका. ऐकीव गोष्ट आणि व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर तर मुळीच लिहू नका. मत कुणाला द्यायचं, हे प्रत्येकीने आपल्या मनाने ठरवायचं. तो गटाचा ठराव नाही.

पुढच्या बैठकीत बचत आणि कर्जाचा विषय झाला की दहा मिनिटं या पानाला द्या. एका बैठकीत एकच नोंद घ्या. वर्षभरात पान भरेल. मग गाडी गावात आली आणि माईकवरून “मी तुमच्यासाठी काय केलं नाही?” असा आवाज आला, की वही उघडून म्हणा, “भाऊ, थांबा, आम्ही लिहून ठेवलंय.”