आंब्रोली ते चौपाटी : विल्सन महाविद्यालयाची घडण

ख्रिस्ती मिशनने धर्मप्रसारासाठी स्थापन केलेल्या, पण सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांचे व्यापक शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांच्या परंपरेत बंगालमधील श्रीरामपूरचे १८१८ साली स्थापन झालेले महाविद्यालय अग्रस्थानी येते. ते उभारणारे विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तिघेही बॅप्टिस्ट, म्हणजे जाणत्या वयात स्वतः श्रद्धेची कबुली देणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा असे मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे होते. यांपैकी कॅरी यांचे मराठीवर थेट ऋण आहे; कारण पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतील मराठी–इंग्रजी कोश छापून प्रसिद्ध केला.

मुंबईत हीच परंपरा रुजवली ती बॅप्टिस्टांनी नव्हे, तर स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांनी. बिशपांऐवजी निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या मंडळाकडे चर्चचा कारभार सोपवणारा हा पंथ स्कॉटलंडमध्ये शाळांचा मोठा पुरस्कर्ता होता. त्या संस्कारात वाढलेले जॉन विल्सन १८२९ मध्ये पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत आले आणि कोकणात हर्णै येथे राहून प्रथम मराठी शिकले. मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या, तर विल्सन यांनी १८३२ मध्ये गिरगावातील आंब्रोली येथे इंग्रजी शाळा काढली; हीच आजच्या विल्सन महाविद्यालयाची सुरुवात होय.

या शाळेची वाटचाल सरळ झाली नाही. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाजात प्रक्षोभ उसळला, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी मुले काढून घेतल्यामुळे विद्यार्थिसंख्या एकदम घसरली. पालकांचा हा रोष समजून घेण्याजोगा होता, कारण त्यांना मुलांसाठी नवी विद्या हवी होती, नवा धर्म नको होता. पुढे १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि विल्सन यांनी सरकारी हस्तक्षेप नाकारणाऱ्या फ्री चर्चची बाजू घेतल्याने संस्थेची घडी पुन्हा बसवावी लागली.

तरीही ती टिकली, याचे एक मोठे कारण विल्सन यांच्या विद्वत्तेत सापडते. मराठी, गुजराती, संस्कृत आणि फारसी जाणणाऱ्या या मिशनऱ्याने गिरनारच्या अशोककालीन शिलालेखाचे ठसे जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पाठवून ब्राह्मी लिपीच्या उलगड्याला हातभार लावला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८६१ मध्ये संस्था त्याच्याशी संलग्न झाली आणि १८६८ मध्ये विल्सन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८७५ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. गिरगाव चौपाटीसमोर आज दिसणारी, जॉन अ‍ॅडम्स यांनी गॉथिक शैलीत रेखाटलेली दगडी वास्तू १८८९ मध्ये पूर्ण झाली.

याच महाविद्यालयात महामहोपाध्याय पां. वा. काणे, मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि पंतप्रधान मोरारजी देसाई शिकले. खासगी संस्थांनी चालवलेल्या उच्च शिक्षणाची वाट पुढे मिशनांपुरती राहिली नाही. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटीने १९६० मध्ये शीव येथे महाविद्यालय उघडले, हे तिच्याच विस्ताराचे उदाहरण होय.

धर्मांतराच्या मापाने पाहिल्यास विल्सन यांच्या संस्थेला मिळालेले यश अल्प ठरते. परंतु जिथे बायबलचे पाठ दिले जात, तिथेच संस्कृतचे अध्ययन करून काणे यांनी पुढे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा पाच खंडांचा ग्रंथ लिहिला, भारतरत्न मिळवले. आणि शिकणाऱ्याला आपल्याच परंपरेचा कसून शोध घेण्याचे बळ देणे हेच महाविद्यालयाचे खरे कार्य मानले, तर विल्सन महाविद्यालयाने ते निश्चितपणे पार पाडले आहे.