४१ किलोमीटरवरचे जंतू: ‘एक्स-फाइल्स’चा ‘आइस’ आणि नारळीकरांचा बलून

ज्यांनी हा भाग लोकलमध्ये ऐकला आणि वाशीच्या पुलावर नेटवर्क गेल्यामुळे मधलंच नेमकं हुकलं, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ कापलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

सुरुवात एका जुन्या एपिसोडपासून करू. ‘द एक्स-फाइल्स’, पहिला सीझन, आठवा भाग, नाव ‘आइस’. अमेरिकेत ५ नोव्हेंबर १९९३ ला लागला होता, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधी. मल्डर आणि स्कली हे एफबीआयचे दोन एजंट. मल्डरचा परग्रहवासीयांवर पूर्ण विश्वास, स्कली डॉक्टर, तिला पुरावा लागतो. अलास्कातल्या एका तळावर बर्फात खोल ड्रिलिंग करणारे शास्त्रज्ञ एकमेकांना मारून मेलेत, का ते कुणालाच कळत नाही. हे दोघं आणखी काही तज्ज्ञांना घेऊन तिथे जातात. बर्फाच्या नमुन्यात अमोनिया सापडतो, एक किडा सापडतो, आणि तो किडा माणसाच्या शरीरात शिरून त्याला हिंसक बनवतो हे लक्षात येतं. बाहेर वादळ, आत बंद दारं, आणि प्रत्येकाला वाटतंय की समोरच्याच्या अंगात तो किडा आहे. (स्पॉयलर देतोय, पण तीस वर्षं झाली, आता मला दोष देऊ नका.) शेवटी तळ सोडल्यावर मल्डरला परत जाऊन संशोधन करायचं असतं, तेव्हा कळतं की तळच जाळून टाकलाय. पुरावा खल्लास.

मला या भागात सगळ्यात खटकतं ते हे, की किडा बाहेरचाच आहे हे सिद्ध कुणीच करत नाही. तो बर्फात खोल आहे, विचित्र आहे, ओळखीचा नाही. मल्डरला तेवढं पुरतं. पण ‘ओळखीचा नाही’ आणि ‘पृथ्वीवरचा नाही’ या दोन वाक्यांमध्ये प्रचंड अंतर आहे. हे अंतर केवढं मोठं असतं ते बघायला अलास्काला जायची गरज नाही, कारण असा तपास आपल्याकडे खरोखर झालाय आणि त्याच्या प्रमुखाचं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलंय. डॉ. जयंत नारळीकर.

नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू होते फ्रेड हॉईल. हॉईल म्हणजे एकदम वेगळंच प्रकरण. मोठे खगोलशास्त्रज्ञ, वर विज्ञानकथाकार, आणि बीबीसीवर १९६१ मध्ये आलेल्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या परग्रहावरच्या संदेशाच्या मालिकेचे सहलेखक. पुढे हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी मांडलं की जीवन पृथ्वीवर सुरू झालंच नाही, ते धूमकेतूंच्या धुळीतून सूक्ष्मजीवांच्या रूपात इथे आलं आणि अजूनही येतंय. बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी हे मानलं नाही. पण ‘अजूनही येतंय’ या दोन शब्दांत एक छान गोष्ट आहे: ते तपासता येतं. वर जा आणि बघा.

तर वर गेले. हैदराबादला टीआयएफआरची बलून सोडण्याची सोय आहे. तिथून पहिलं उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झालं, पण मी बोलणार आहे ते २० एप्रिल २००५ च्या उड्डाणाबद्दल. इस्रोचा पैसा, नारळीकर मुख्य शास्त्रज्ञ. बलून २ कोटी ६७ लाख घनफुटांचा, त्याखाली ४५९ किलोचं सामान. २० ते ४१ किलोमीटरच्या पट्ट्यात वेगवेगळ्या उंचीवर हवा गोळा करायची होती.

आता गंमत बघा. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या तीनशेव्या भागाहूनही कमी. तिथे हवा ‘भरून’ आणायची कशी? पंप लावला तर पंपावरचेच जंतू आत. उपाय भारी होता. निर्जंतुक केलेल्या, आतून पूर्ण रिकाम्या केलेल्या १६ स्टीलच्या नळ्या, आणि त्या बुडवलेल्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये. द्रव निऑन साधारण उणे २४६ अंशांवर असतो. झडप उघडली की बाहेरची हवा आत येते, थंड भिंतीला लागून गोठते, त्यामुळे आतला दाब पुन्हा पडतो आणि आणखी हवा ओढली जाते. फिरणारा एकही भाग नाही. नंतर नळ्या पॅराशूटने खाली.

खाली आल्यावर नमुने दोन प्रयोगशाळांत गेले: हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस. पद्धत दोघांची सारखी, काम स्वतंत्र. हे फार महत्त्वाचं आहे. ‘आइस’मध्ये सगळे एकाच खोलीत बसून एकमेकांचं रक्त तपासतात, आणि तपासणाऱ्याला कोण तपासणार हा प्रश्न शेवटपर्यंत लटकत राहतो. इथे तो आधीच सोडवला होता.

नारळीकरांच्या बाबतीत मला याचं आश्चर्य वाटत नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंकडून लिहून घेतली. परीक्षकाला नाव दिसलं की निकाल बिघडतो, हे त्यांना गोष्टीच्या स्पर्धेतही चालत नव्हतं. कथेला बक्षीस मिळालं, ते जगतापांना.

निकाल इस्रोने मार्च २००९ मध्ये जाहीर केला. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या होत्या. त्यांतल्या नऊ आपल्या ओळखीच्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळत होत्या. तीन जिवाणू मात्र पूर्ण नवे. त्यांची नावं ठेवली जॅनिबॅक्टर हॉयली (हॉईल यांच्यावरून), बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट. तिघेही आपल्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरण जास्त सोसणारे.

आणि इथून व्हॉट्सॲप सुरू होतं. ‘इस्रोला एलियन सापडले!’ हा फॉरवर्ड मला स्वतःला दोनदा आलाय. इस्रोने मात्र त्याच निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही, फक्त पुढे काम करायला प्रोत्साहन मिळतं.

का सिद्ध होत नाही? ही ओळख पटवली जाते १६एस आरआरएनए नावाच्या जनुकावरून. पेशीत प्रथिनं बनवणारं जे यंत्र असतं त्याचा हा एक भाग. फार हळू बदलतो, म्हणून कोण कुणाचा चुलत आणि कोण सख्खा हे त्यावरून कळतं. आता हे तिन्ही जिवाणू ‘नवे’ ठरले ते कशाशी ताडून? पृथ्वीवरच्या जातींशी. म्हणजे त्यांच्याकडे तेच जनुक आहे, तेच यंत्र आहे, कुळ आधीपासून ओळखीचं आहे. साधा माणूस म्हणेल, मग ते इथलेच. पण हॉईलचा माणूस म्हणेल, बरोबरच आहे, आपण सगळेच वरून आलो, नातं जुळणारच!

आमच्या कामात याला वाईट टेस्ट म्हणतात. कोड बरोबर असला तरी पास, चुकीचा असला तरी पास. अशी टेस्ट हिरवी दिसते म्हणून खूश व्हायचं नसतं. अतिनील किरणांचंही तेच. वर ओझोनचं बहुतेक छत्र खाली राहतं, तिथे जिवंत सापडणार तो किरण सोसणाराच. तो धूमकेतूवरून आला की आपल्या जमिनीवरून उडून गेला, दोन्हीकडे गाळणी एकच.

नारळीकरांची बाजू कमकुवत नव्हती. जमिनीवरची धूळ ४१ किलोमीटरवर न्यायला मोठा ज्वालामुखीच हवा, एरवी वातावरणाचे थर ती अडवतात. हा युक्तिवाद मला पटतो, पण अर्धाच. कारण ‘आपल्याला दुसरा मार्ग माहीत नाही’ हा पुरावा नसतो, ती यादी असते, आणि ती उद्या वाढू शकते. खरी कसोटी लावायची तर त्या पेशीतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजायला हवं. पृथ्वीवर ते एका ठरावीक पट्ट्यात असतं, दुसरीकडे वेगळं असू शकतं. अडचण अशी की बशीत वाढवलेला जिवाणू इथलंच अन्न खाऊन वाढतो, त्याच्या अंगात कार्बनही इथलाच भरतो. म्हणजे न वाढवता, वरून आलेल्या मोजक्या पेशींवरच मोजमाप करायचं. एका पेशीचं वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी!

पुढे काय झालं, तेही सांगतो. बॅसिलस आर्यभट नंतर जमिनीवरही सापडत गेला. २०१४ मध्ये मध्य भारतातल्या काळ्या जमिनीतल्या सोयाबीनवर एक शोधनिबंध आला. त्यात हाच जिवाणू मातीतलं जस्त विरघळवून पिकाला मिळवून देताना दिसतो. इस्रोनेन्सिस आता सॉलिबॅसिलस या गटात गेलाय, ज्याच्या नावातच माती आहे. हॉईलना हे कळलं असतं तर ते बहुधा म्हणाले असते की शेतातही तो वरूनच पडला असेल. २००१ मध्येच ते गेले. नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले. हॉयली, इस्रोनेन्सिस आणि आर्यभट या तिघांचा मुक्काम मूळचा कुठला, हा रकाना अजून रिकामा आहे.