घरचा फोटो-सर्व्हर, रविवारी

सकाळी ८. माटुंगा-मुलुंडदरम्यान मेगाब्लॉक आहे, तेव्हा तो सुरू व्हायच्या आत घाटकोपरहून गाडी पकडली. सॅकमध्ये एक जुना छोटा पीसी, आठ जीबी रॅमचा, आणि दोन हार्ड डिस्क. मुलुंड पूर्वेला काकांकडे इमिच हा फोटो-सर्व्हर बसवायचा आहे.

९. पोहे पुढे ठेवत काकू म्हणाली, "गूगलवर आहेत की फोटो. हे खोकं कशाला आणलंस?" १ जून २०२१ पासून गूगल फोटोजवर चढणारा नवा फोटो १५ जीबीच्या फुकट जागेतून वजा होतो, आणि त्याच जागेत जीमेलही राहतं. "म्हणजे बँकेच्या जाहिरातींनी माझ्या नातवाचे फोटो अडवले?" अगदी तसंच.

१०. उबुंटू, त्यावर डॉकर. इमिचचे कंटेनर चार: एक फोटो घेतो आणि दाखवतो, दुसरा चेहरे आणि वस्तू ओळखतो, तिसऱ्यात पोस्टग्रेस डेटाबेस, चौथा कामांची रांग सांभाळतो. कंपोझ फाइल तयार मिळते. एक कमांड दिली की चारही सुरू. खरी मेख एन्व्ह फाइलीतल्या दोन ओळींत आहे: फोटो कुठे ठेवायचे आणि डेटाबेस कुठे. कंटेनर कधीही पुसावा, नवा उभा करावा. या दोन जागांना मात्र धक्का लागता कामा नये. फोटो मोठ्या डिस्कवर टाकले, डेटाबेस पीसीतल्या एसएसडीवर. थोड्या वेळात २२८३ पोर्टवर पान उघडलं. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात.

११.३०. गूगलवरून उतरवलेल्या फोटोंच्या टेकआउट झिप. फोटोची तारीख, ठिकाण शेजारच्या जेसन फाइलीत असतं. इमिच-गो हे साधन ते जुळवून फोटो चढवतं. पंखा घरघरायला लागला. आम्ही जेवायला बसलो.

२. काकूने शोधात 'मोदक' टाइप केलं. आली कुणाची तरी स्कूटर. मूळ मॉडेल इंग्रजीवर शिकलेलं आहे, त्याला मोदक काय कळणार! सेटिंगमध्ये मराठी समजणारं एनएलएलबी-क्लिप घातलं. ते जड आहे, आणि मॉडेल बदललं की सगळे फोटो पुन्हा वाचावे लागतात. वाचू दे.

४. चहा, आणि दिवसातलं सगळ्यात लांबलेलं काम. काकांनी जुने अल्बम स्कॅन केले होते, त्यामुळे त्यांचं लग्न टाइमलाइनवर स्कॅनच्या तारखेला लागलेलं. तारखा बदलायची सोय आहे, पण तारीख सांगणार कोण? काकू. "हा गॅलरीला ग्रिल लागायच्या आधीचा." "ही साडी मंगळागौरीची, म्हणजे श्रावण." काका वर्षावरून वाद घालत होते आणि हरत होते. चेहऱ्यांचंही तेच. यंत्राने दोन आत्येबहिणी एक केल्या आणि काकांचे दोन केले, मिशीवाले आणि बिनमिशीचे. काकूने नावं दिली, जोड्या लावल्या, एका चेहऱ्यापाशी थांबून "हा लपव" म्हणाली. कारण विचारलं नाही.

६.३०. पुण्याच्या ताईलाही दिसायला हवं. इथल्या ब्रॉडबँडला स्वतंत्र पत्ता नाही, अनेक घरांत एकच वाटलेला. पोर्ट उघडून उपयोग नाही, आणि घराचं दार असं जगाला उघडूही नये. म्हणून खासगी जाळं जोडणारं टेलस्केल घातलं, ताईच्या फोनवरही.

७.३०. वीज गेली तर? परत येऊन पीसी सुरू झाला की कंटेनर आपोआप उठतात. इमिच रोज रात्री दोनला डेटाबेसची प्रत काढतं, पण त्या प्रतीत फोटो नसतात, हे पुष्कळांना डिस्क गेल्यावर कळतं. म्हणून दुसरी डिस्क. काका ती कपाटात ठेवायला निघाले. घर तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस त्यांना मी काय सांगणार! काकूनेच निकाल दिला: डिस्क ताईकडे राहील, ती गणपतीला येताना आणेल, नवे फोटो भरून परत नेईल. दिवाळीलाही.