व्यवस्थापकीय लेखापरीक्षण
व्यवसायसंस्थेची धोरणे, संघटना, कार्यपद्धती व निर्णय यांची स्वतंत्र आणि पद्धतशीर तपासणी करून नित्याच्या कामकाजात दुर्लक्षित राहिलेले दोष व उणिवा शोधून काढण्याची पद्धती. वित्तीय लेखापरीक्षणात हिशेब खरे व रास्त आहेत की नाहीत, हे मुख्यतः पाहिले जाते. झालेला खर्च मुळात आवश्यक होता काय, हा प्रश्न सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेर राहतो. खरेदीची सर्व बिले बिनचूक असूनही गुदामात कित्येक वर्षे पुरेल इतका माल पडून असू शकतो.

टी. जी. रोझ यांचा या विषयावरील ग्रंथ ब्रिटनमध्ये १९३२ साली, तर विल्यम लेनर्ड यांचा अमेरिकेत १९६२ साली प्रसिद्ध झाला. तपासणीसाठी मुलाखती, प्रश्नावली व प्रत्यक्ष निरीक्षण यांचा अवलंब करतात. एखादी मागणी नोंदल्यापासून माल पोहोचेपर्यंतचा कागदपत्रांचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहणे विशेष उपयुक्त ठरते. कारण उणिवा बहुधा विभागाच्या आत नसून दोन विभागांच्या सीमेवर असतात. विक्री विभाग ग्राहकाला मुदत देतो, उत्पादन विभागाला ती कळतच नाही आणि विलंबाची जबाबदारी कोणाकडेच येत नाही. रोजच्या सवयीमुळे तेथील कर्मचाऱ्यांना यात वावगे असे काही दिसत नाही.

दोष आढळला, तरी तो दूर होईलच असे नाही. लंडनच्या बेअरिंग्ज बँकेच्या (स्थापना १७६२) सिंगापूर शाखेत निक लीसन यांच्याकडे वायदेव्यवहार करणे आणि त्या व्यवहारांच्या पूर्ततेची नोंद ठेवणे अशी दोन्ही कामे होती. एकाने करावे व दुसऱ्याने तपासावे, हा प्राथमिक संकेतच तेथे मोडला होता. १९९४ मध्ये अंतर्गत लेखापरीक्षकांनी याकडे लक्ष वेधून ही कामे वेगळी करण्याची शिफारस केली. तथापि शाखेच्या कागदोपत्री नफ्यावर संतुष्ट असलेल्या वरिष्ठांनी ती वेळेवर अंमलात आणली नाही. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडविलेला तोटा फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडकीस आला, तेव्हा तो सु. ८२·७ कोटी पौंडांवर गेला होता. बँक बुडाली व नेदर्लंड्समधील आयएनजी या संस्थेने ती नाममात्र एक पौंडाला घेतली. म्हणूनच लेखापरीक्षकाने आपला अहवाल, ज्याचे काम तपासले त्या अधिकाऱ्याऐवजी थेट संचालक मंडळाच्या समितीस द्यावा, असे मानले जाते.

भारतात १९६५ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात परिव्यय लेखापरीक्षणाची तरतूद झाली. २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १३८ नुसार विहित वर्गांतील कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमावा लागतो. व्यवस्थापकीय लेखापरीक्षण मात्र ऐच्छिक आहे.