तीन तोफा, तीन गोळे

मुलांनो, पन्हाळ्याची सहल झालीय ना? मग अंबरखाना पाहिलाच असेल. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची प्रचंड कोठारं! पण माझ्या वर्गातली मुलं तिथं गेली की हटकून विचारतात, "सर, तोफा कुठं आहेत?" कोठाराकडं कुणी बघतच नाही. आता विचार करा. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तो महिनोन्‌महिने चालला. अशा वेळी गडावर धान्य आणि दारूगोळा नसेल, तर नुसती तटबंदी काय कामाची?

आजच्या आपल्या सेनेतही असं कोठार सांभाळणारं एक दल आहे. त्याचं नाव आर्मी ऑर्डनन्स कोअर. बंदुका, दारूगोळा, गणवेश, तंबू, गाड्यांचे सुटे भाग, सारं जवानापर्यंत पोचवायचं काम यांचं. त्यांच्या बोधचिन्हात एक ढाल आहे. ढालीवर तीन तोफा आणि त्यांच्या वर तीन गोळे. ढालीच्या डोक्यावर अशोकस्तंभाचे सिंह आणि खाली ब्रीदवाक्य, 'शस्त्र से शक्ति'.

हे चिन्ह मूळचं इंग्रजांचं बरं का! लंडनमध्ये शस्त्रांचा कारभार पाहणारं 'बोर्ड ऑफ ऑर्डनन्स' होतं, त्याच्या ढालीवर हेच चित्र होतं. ईस्ट इंडिया कंपनीनं ८ एप्रिल १७७५ रोजी कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये तसंच बोर्ड नेमलं. आजही ८ एप्रिल हाच या दलाचा स्थापना दिन. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, सिंह आले. तोफा-गोळे मात्र राहिले.

एक गंमत सांगू? चित्रातले गोळे इतके मोठे, की तोफेच्या तोंडात मावणारच नाहीत! ब्रिटनमधले सैनिक यावरून या खात्याची थट्टा करत. पण गोळा नसलेली तोफ म्हणजे शाई नसलेलं पेन, नाही का?

आणि हे काम बिनधोक आहे, असं मुळीच समजू नका. वर्धा जिल्ह्यात पुलगावला दारूगोळ्याचं मोठं भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथं आग लागली. ती विझवताना दोन अधिकारी आणि अग्निशमन दलाचे अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले. सीमेपासून शेकडो मैल दूर, पण देशासाठीच.

तेव्हा पुढच्या वेळी पन्हाळ्याला जाल, तेव्हा तोफा जरूर शोधा. पण अंबरखान्यापाशीही क्षणभर थांबा. तो सांभाळणाराही शिपाईच होता!