दुःख दाखवणारे सिनेमेही बळ देतात

मालिकेतल्या पात्राची स्मृती जाते ती बहुधा डोक्याला मार लागून, आणि कथेला गरज पडली की परतही येते. पण ज्या घरात आजोबा रोज संध्याकाळी ‘मला माझ्या घरी सोडा’ म्हणून दाराशी जाऊन उभे राहतात, त्या घराला अशा मालिकेतून काहीच हाती लागत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मधून लागतं. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित शास्त्रीबुवा अल्झायमरने ग्रासलेले आहेत. रस्त्यात हत्ती दिसतो आणि शास्त्रीबुवा लहान मुलाच्या कुतूहलाने त्याच्यामागे निघून जातात. इकडे त्यांना शोधणाऱ्या मुलीच्या जिवाची घालमेल: काळजी, थकवा, चिडचीड आणि त्या चिडचिडीबद्दल वाटणारी अपराधी भावना. तिकडे माहुताची बायको चन्नम्मा. तिला ना आजाराचं नाव ठाऊक, ना या माणसाची विद्वत्ता. ती त्यांना आपलं मूल समजून सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजारी माणसाशी वाद न घालता कसं वागावं, हे चन्नम्माकडे नुसतं पाहूनही कळतं.

सकस सिनेमा म्हणजे गोडगोड, ही समजूत म्हणूनच सोडायला हवी. ‘श्वास’मध्ये (२००४) कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर काढून शहर दाखवायला नेतात. हा प्रसंग रडवतो, पण पोराला काहीच न सांगता फसवायचं की सत्य सोसायला मदत करायची, हा प्रश्नही प्रेक्षकाच्या पदरात टाकतो.

‘अस्तु’च्या सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्याच्या अभ्यासक. माणसाचं ऐकून घेण्याची ती सवय त्यांच्या सिनेमात उतरली. सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘कासव’मध्ये नैराश्यात बुडालेल्या तरुणाला आसरा देणारी जानकी त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती करत नाही. त्याला सवड देते.

मुलांसोबत पाहायला ‘एलिझाबेथ एकादशी’ उत्तम. त्यातली पंढरपूरची भावंडं वडिलांची आठवण असलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून वारीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात. गरिबी आहे, पण त्यांची कीव करायला सिनेमा सांगत नाही.

घरी काय पाहायचं याची निवड करताना ओटीटीवरच्या ७+, १३+, १६+ या खुणा जरूर पाहाव्यात. २०२१च्या नियमांनी त्या आणल्या. पण खूण सांगते ती मुख्यतः हिंसा, शिवीगाळ, लैंगिक दृश्यं यांबद्दल. जेवणाच्या वेळी लागणाऱ्या मालिकांमधली विषप्रयोगाची, बनावट कागदपत्रांची कारस्थानं ‘कौटुंबिक’ म्हणूनच घरात येतात, आणि ताटावर बसलेलं मूलही ती मोठ्यांबरोबर रोज पाहत असतं.